पानाला येता आलं नाही

मेडशी, ३ डिसेंबर २०२४

प्रिय पाना,

मालेगावच्या आपल्या शाळेले साठ वर्षं होऊन राह्यली, त्याची स्मरणिका निघनार हाय, अन् सत्त्याहत्तरच्या कबड्डी टीमवर तू अन् मी मिळून लिहायचं असं हेडमास्तरनं ठरवलं, हे तुले कारंज्यात कळलंच असंन. मले ते काल सांगाले आले. मी कप्तान होती म्हणून मी, अन् तुयं मराठी चांगलं म्हणून तू. दहा पानं पाहिजे. जानेवारीच्या शेवटी द्यायची अन् फेब्रुवारीत कार्यक्रम.

फोनवर बोलून ठरवलं असतं, पण माह्या कानाचं तुले मालूम हाय. मशीन लावून फोन घेतला की शिट्टीच वाजते, बोलनारा राह्यते बाजूले. म्हणून हे मेलवर. सूनबाई वैभवीचं ऑनलाईन फॉर्म भराचं दुकान हाय, दुपारी गर्दी नसते, तवा मी तिच्या एका लॅपटॉपवर बसते. मराठी टायपिंग दोन महिन्यांत शिकली. अंगणवाडीत तीस वर्षं रजिस्टरं भरली, त्याच्याहून हे सोपं हाय.

वैभवीनं आपल्या दोघींसाठी एक फाईल उघडून देल्ली. तू तिकडून लिहिलं की मले इकडे दिसते. पण तिच्यात सेव्ह कराचं बटनच नाई. मी वैभवीले दहादा विचारलं, का वं, हे जतन कुठी होते? ती म्हणते, आपोआप होते. मले काई पटलं नाई. मी रोज काम झालं की सगळं वहीत उतरवून काढत होती. परवा तिनं वही पाह्यली अन् डोक्याले हात लावला.

तू पयले सरावाचं लिही. मैदानातले गोटे आपण कसे वेचले, ते.

तुयी,
तुळसा

*

कारंजा, ६ डिसेंबर २०२४

प्रिय तुळसा,

जय जिनेंद्र. तुझं पत्र वाचून चेतनाला, म्हणजे माझ्या सुनेला, वहीची गोष्ट सांगितली. ती बँकेत आहे. ती म्हणाली, तुळसामावशींना सांगा, तुम्ही एक अक्षर टाइप केलं की दुसऱ्या सेकंदाला ते जतन होतं, आणि ते तुमच्या लॅपटॉपवर नसतंच, दूर कुठेतरी मोठ्या मशीनमध्ये असतं. लॅपटॉप विहिरीत पडला तरी लिहिलेलं राहतं. तेव्हा वही बंद कर.

सरावाचं मी लिहायला घेतलं आहे. गोटे आठवले, आणि खेळाच्या बाईंनी चुना नव्हता म्हणून राखेनं आखलेल्या रेषा आठवल्या. रुपा चढाईला गेली की मानोऱ्याकडच्या तिच्या तांड्यातलं गाणं पुटपुटायची आणि समोरच्या पोरी ऐकायला थांबायच्या, तेही लिहिलं. वाशीमची सेमीफायनलसुद्धा मी लिहीन.

अकोल्याच्या फायनलचं मात्र तूच लिही. मी तिथे नव्हते.

तुझी,
पाना

*

मेडशी, १५ डिसेंबर २०२४

प्रिय पाना,

तुयं सगळं वाचलं. सेमीफायनलमधी तू त्या उंच पोरीची टांग धरून लोंबकळली अन् तिनं तुले रेषेपावतर फरफटत नेलं, ते वाचून मी दुकानात एकटीच हसून राह्यली होती. फॉर्म भराले आलेला माणूस माह्याकडे पाह्यत राह्यला.

फायनलचं लिहून झालं. त्यात एक मजा झाली. दोन पानं लिहिली अन् लाईन गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तोही गेला. मी म्हटलं, झालं, गेलं आपलं अकोला. शेतात तुरीची सोंगणी चालू होती, तिकडे निघून गेली, बायांवर उगाच चिडचिड केली. पाच वाजता वापस आली तं वैभवीनं फाईल उघडून दाखवली. पाना, शेवटचा शब्द अर्धा होता. "पक" एवढाच. 'पकड' मधला 'ड' लिहाच्या आधी लाईन गेली होती, अन् त्यानं 'पक' पावतर जपून ठेवलं होतं. मी त्या मशीनले हात जोडले.

मंग संध्याकाळी बसून वाचून पाह्यलं, थोडं साफसूफ केलं. तुयाबद्दल एकच ओळ ठेवली हाय. "पानाला येता आलं नाही, म्हणून आम्ही सहाजणी खेळलो अन् दोन गुणांनी हरलो." एवढंच. तू पाहून घे, अन् माह्या वऱ्हाडीचं शुद्धलेखन तू करशीन.

तुयी,
तुळसा

*

कारंजा, १९ डिसेंबर २०२४

तुळसा,

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. शुद्धलेखन करत होते. काय दाबलं गेलं कळलं नाही, सगळा मजकूर निळा झाला. घाबरून मी आणखी एक बटण दाबलं आणि पान पांढरं झालं. अकरा पानं, सगळी. मी लॅपटॉप पटकन मिटून टाकला. चार वेळा उघडून बघितलं. कोरंच.

आपोआप जतन होतं म्हणून मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता त्यानं कोरं पान जतन करून ठेवलं आहे. चेतना परगावी ट्रेनिंगला गेली आहे, सोमवारी येईल. तुझी वही तरी आहे का? मीच बंद करायला सांगितली होती.

पाना

*

मेडशी, २० डिसेंबर २०२४

पाना,

पयले पानी पी.

वही तुया सांगण्यावरून सहा तारखेलेच बंद केली, त्याच्यामुळं तिच्यात नुसते गोटे हायेत. पण काई बिघडलं नाई. लिहिलेलं गेलं, झालेलं थोडीच गेलं. मी आजपासून पुन्हा लिहाले लागते, तू तुयं लाग. वैभवीच्या सासऱ्यानं, म्हणजे माह्या मालकानं बबनरावनं, मले विचारलं, का वं, सगळ्यांचं नाव घालून लिहून राह्यली का? त्यानं म्हटलं, मायं नाव कुठीच नाई, मी तं लग्नाच्या नंतरचा हाव. त्याले म्हटलं, म्हणूनच वाचला.

एवढं घाबरू नको. रडली असशीन तं डोळे पूस.

तुळसा

*

कारंजा, २३ डिसेंबर २०२४

प्रिय तुळसाबाई,

फाईल परत मिळाली आहे. चेतनानं काढून दिली. त्या फाईलमध्ये प्रत्येक दिवसाची जुनी प्रत राहते, तारीख आणि वेळेसकट. एकोणीस तारखेच्या सकाळची प्रत परत आणली. सगळं जागेवर आहे. आता पुन्हा लिहायची गरज नाही.

कळावे,
सौ. पानाबाई

*

मेडशी, २ जानेवारी २०२५

प्रिय पाना,

फाईल सापडली हे वाचून एवढा आनंद झाला की दुकानातल्या सगळ्यांले चहा पाजला. पण तुयं पत्र मी तीनदा वाचलं. तुळसाबाई? कळावे? तू मले पाचवीपासून कधी बाई म्हटलं नाई.

मी लय विचार केला. मले वाटते तू त्या टांग धरून फरफटण्याच्या गोष्टीवरून रागावली. मी त्यात एक वाक्य जोडलं होतं, का तुया वेणीची रिबिन सुटली अन् तू मैदानातच रडाले बसली. ते मी काढून टाकलं. नाई तं मी तुयं वजन लिहिलं त्याचा राग आला असंन. तेही काढलं. आनखी काई असंन तं सांग, तेही काढते. असं करता करता तू फाईलीतून पुरी निघून जाशीन, मंग कबड्डी आमी सहाजणीच खेळलो असं वाटंन.

कारंज्याच्या यष्टीत कंडक्टरजवळ तुरीच्या शेंगा पाठवल्या हायेत. मीठ टाकून उकड अन् खा. राग आला असला तरी खा, शेंगांचा काई दोष नाई.

तुयी,
तुळसा

*

कारंजा, ९ जानेवारी २०२५

प्रिय तुळसा,

शेंगा पोचल्या. चेतनानं उकडल्या, आम्ही दोघींनी खाल्ल्या. मी खाताना तिला सगळं सांगितलं. आता तुला सांगते.

चेतना जुन्या प्रती उघडून दाखवत होती. कोणत्या दिवशी कोणी काय लिहिलं आणि काय खोडलं, ते त्यात वेगळ्या रंगात दिसतं. खोडलेलं जात नाही, त्यावर नुसती रेघ असते. पंधरा तारखेची प्रत उघडली आणि तुझ्या फायनलच्या पानावर रेघ मारलेल्या सहा ओळी दिसल्या. मी वाचल्या. वाचायला नको होत्या, पण त्यात बापूजींचं नाव होतं.

तू लिहिलं होतंस, "पानाच्या बापानं, चंपालालशेटनं, पोरीले घरात कोंडलं. पोरीचा फोटो पेपरात आला तं अब्रू जाईन म्हणे. दुकानात गिऱ्हाईकाशी गोड बोलनारा मानूस घरात असा. आमी हरलो त्या माणसामुळं हरलो. त्या दिवसापासून मी त्या दुकानाची पायरी चढली नाई." मग तू ते खोडलंस, आणि माझ्यासाठी एक ओळ ठेवलीस. पानाला येता आलं नाही. माझं मन दुखू नये म्हणूनच खोडलंस, हे मला कळतं.

तुळसा, बापूजींनी मला कोंडलं नव्हतं.

आदल्या दिवशी खेळाच्या बाईंनी आनंदानं सांगितलं होतं ना, अकोल्याला पेपरवाले येणार, टीमचा फोटो छापणार? मी घरी जाऊन ते सांगितलं. बापूजी म्हणाले, छापू दे, मी चार पेपर घेईन. आपल्या अर्ध्या पँटी ज्या खाकी कापडाच्या होत्या, ते कापड त्यांनीच दिलं होतं. मला म्हणाले होते, कोणाला सांगू नको, नाहीतर दुसऱ्या शाळावाले मागायला येतील. सकाळी आईला लवकर उठवून त्यांनी दशम्या करायला लावल्या, सातजणींना पुरतील एवढ्या, आणि मला स्टँडपर्यंत सोडायला आले. स्टँडच्या तोंडाशी मीच त्यांना म्हटलं, तुम्ही जा, आता मी जाते.

मी आत गेले. तुम्ही सगळ्या गाडीत बसलेल्या दिसलात. तू दारात उभी राहून माझी वाट बघत होतीस. आणि मला एकदम डोळ्यांसमोर तो फोटो आला. सगळं मालेगाव, माझ्या मावश्या, मामाकडचे लोक, सगळे अर्ध्या पँटीतली पाना बघताहेत. मी पाणपोईच्या भिंतीमागे उभी राहिले. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. तू त्याच्याशी भांडलेलंसुद्धा मला ऐकू आलं. गाडी गेली. पिशवीत सातजणींच्या दशम्या होत्या.

मी घरी गेले आणि बापूजींना खरं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन ठेवली. दोन दिवसांनी बाई चौकशीला घरी आल्या, तेव्हा मी दारामागे होते. बापूजी त्यांना म्हणाले, मी पाठवलं नाही. आणि मग तेच सगळ्यांना सांगत राहिले. ते गेले त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात मला शंभर वेळा खरं सांगता आलं असतं. लोक बापूजींना नावं ठेवत होते आणि मला बिचारी म्हणत होते. बिचारी असणं मला सोयीचं होतं.

तुझं खोडलेलं वाचून मला आधी तुझा राग आला. बापूजींबद्दल असं कसं लिहिलं, म्हणून. म्हणून ते कळावे आणि ते तुळसाबाई. मग कळलं की राग कोणाचा यायला हवा.

तुला आता मला काय म्हणायचं असेल ते म्हण.

पाना

*

मेडशी, १३ जानेवारी २०२५

पाना,

तुयं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहिलं असतं तं ते तुले वाचवलं नसतं. म्हणून तीन दिवस थांबली. पयल्या दिवशी राग. दुसऱ्या दिवशीही राग. मले वाटे, ही पानपोईच्या मांगं उभी, अन् मी कंडक्टरसोबत भांडून राह्यली का एक पोट्टी याची हाय, थांब. त्यानं मले गाडीतून उतरवाची धमकी देल्ली होती. तिसऱ्या दिवशी मले तुया बाप आठवला.

हे तुले मालूम नसंन. मी तुले कधी सांगितलं नाई. मायं लगन झालं, वैभवीचा नवरा म्हणजे माहा प्रज्वल दोन वर्षाचा होता. मालेगावच्या स्टँडवर मले चंपालालशेट दिसले. मले कोण जाणे काय झालं, मी त्यायच्या समोर जाऊन उभी राह्यली अन् म्हटलं, "शेट, तुमच्यामुळं आमी अकोल्याले हरलो." लोकं पाह्यत होते. मी अंगणवाडीची बाई, ते बाजारातले मोठे मानूस.

त्यायनं टोपी काढली, पाना. म्हणाले, "हो बेटा. चुकलंच माझं."

मंग प्रज्वलच्या डोक्यावर हात ठेवला अन् निघून गेले. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, का मी शेटले ऐकवून आली. आता तीन दिवस मले तो मानूस टोपी हातात धरून उभा दिसते. त्यानं एका शब्दात सांगून टाकलं असतं, पोरगी भेली म्हणून. नाई सांगितलं.

काल मी बबनरावले म्हटलं, गाडी काढ. मोटारसायकलवर मालेगावले गेली अन् तुमच्या दुकानाची पायरी चढली. तुया भावाचा पोरगा, संयम, गल्ल्यावर होता. त्यानं मले ओळखलं नाई. मी म्हटलं, मी तुया आजोबाची गुन्हेगार हाव, मले एक लुगडं दाखव. त्याले काई समजलं नाई, पण त्यानं वीस लुगडे काढून दाखवले. वर भिंतीवर शेटचा फोटो होता. मी बसून राह्यली लय वेळ. तो पोट्टा मले दोनदा पानी देऊन गेला.

आता फायनलचं पान तू लिहिशीन. मी नाई लिहित. ती एक ओळ मी काढून टाकली हाय. तिथं जागा सोडली हाय.

अन् मले तुले काय म्हणाचं ते विचारलं ना? भित्री म्हणते. एवढंच. त्याच्याहून जास्त काई मनातून निघून नाई राह्यलं.

तुयी,
तुळसा

*

कारंजा, २५ जानेवारी २०२५

प्रिय तुळसा,

संयमचा फोन आला होता. मेडशीच्या कोणी आजी आल्या, आजोबांच्या फोटोसमोर बसल्या, आणि हिरवं लुगडं घेऊन गेल्या, असं तो सांगत होता. त्याला मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, आत्या, हे छापायचंच.

बापूजींनी टोपी काढली होती, हे मला खरंच माहीत नव्हतं.

तू सोडलेल्या जागेत मी लिहिलं आहे. वारंवार बदललं, त्यामुळे जुन्या प्रतींमध्ये त्याच्या पंचवीस तऱ्हा सापडतील. आता राहिलं आहे ते असं:

"फायनलला मी गेले नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. माझ्या वडिलांनी, चंपालालजींनी, टीमच्या पँटींचं कापड दिलं, सातजणींसाठी दशम्या करवल्या आणि मला स्टँडवर सोडलं. मी फोटोला घाबरले आणि लपून बसले. त्यांनी दोष स्वतःवर घेतला आणि मरेपर्यंत वागवला. सहाजणी माझ्याशिवाय खेळल्या आणि फक्त दोन गुणांनी हरल्या. हे सांगायला मला सत्तेचाळीस वर्षं लागली."

तुला चालेल का? एकदा 'ठीक आहे' म्हणालीस की हेडमास्तरांना पाठवते. आणि छापायला जाण्याआधी एक प्रत तुझ्या वहीतही उतरवून ठेव. मशीनवर माझा विश्वास आहे. माझ्या बोटांवर नाही.

तुझी,
पाना

*

मेडशी, २६ जानेवारी २०२५

पाना,

ठीक हाय. माही एक ओळ खाली जोडली हाय, पाहून घे. "कप्तान या नात्यानं मी शेटची माफी मागते. तुळसा." तिले हात लावू नको, शुद्धलेखनही नको.

वहीत उतरवलं.

तुळसा

*

मेडशी, ५ मार्च २०२५

प्रिय पाना,

कार्यक्रमातून तू लवकर निघाली, कारंज्याची गाडी होती म्हणून. मांगं काय झालं ते तुले सांगाचं राह्यलं. तू स्टेजवर ते पान वाचून खाली उतरली तवा तुले कोणी कोणी भेटले ते तुले मालूम हाय. पण तू गेल्यावर बाजारातले दोन म्हातारे संयमजवळ आले. ते शेटच्या दुकानात हमाली करत. म्हणाले, आमी शेटले लय बोललो होतो त्या टायमाले. त्या दोघांनी दोन-दोन स्मरणिका नेल्या.

रुपा आली नव्हती, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून. तिले स्मरणिका द्याले मी परवा मानोऱ्याले गेली. अंगणात बाजेवर पाय लांब करून बसली होती. मी म्हटलं, अकरावं पान वाच. तिनं चष्मा लावला, वाचलं, अन् पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मी वाट पाह्यत राह्यली का आता रडते का रागावते. ती म्हणाली,

"मले मालूम होतं."

मी म्हटलं, काय मालूम होतं?

तं म्हणे, मी खिडकीजवळ बसली होती. पानपोईच्या भिंतीच्या बाजूनं पानाची वेणी दिसत होती, लाल रिबिनवाली.

पाना, मी तिले म्हटलं, बाई, मी तिकडे कंडक्टरसोबत भांडून राह्यली अन् तू चुपचाप बसून पाह्यत होती? तोंड काहून नाई उघडलं? तं म्हणे, पोरगी भेली होती. भेलेल्या पोरीचं नाव घेतलं असतं तं तू तिले ओढत गाडीत आणली असती. अन् तू आणलीच असती, तुळसा, तुले काय मी ओळखत नाई? मंग ती मैदानात उभी राह्यली असती अन् घाबरून पडली असती.

मी म्हटलं, अन् शेटले सारं गाव बोलत होतं, तवा? तं म्हणे, ते मले नंतर कळलं. तोपावतर शेटनंच सांगून टाकलं होतं. मोठ्या मानसाचं बोलणं मी कसं खोटं पाडू?

मंग आमी दोघीही हसत सुटलो. एवढं हसलो का तिच्या सुनेनं येऊन तिचा गुडघा धरला, टाके तुटतीन म्हणून. सगळ्यांले तुयी काळजी होती, अन् सगळ्यांनी ती आपापल्या घरी लपवून ठेवली होती. फक्त मलेच कोणी काई सांगितलं नाई, अन् मीच सगळ्यात जास्त बोंबलत होती.

रुपा म्हणाली, हे आता कुठी छापनार? स्मरणिका तं निघाली. मी म्हटलं, फाईल तं हाय. तिथंच तिच्या नातीच्या फोनवर मी ती उघडून देल्ली. तिनं सांगितलं, दोनच ओळी टाकते. मी संध्याकाळच्या यष्टीनं मेडशीले पोचली तवा तीन पानं झाली होती, अन् ती अजून लिहूनच राह्यली होती.

तू उघडून पाहाय. शुद्धलेखनाले लय काम हाय.

तुयी,
तुळसा